रुळांच्या अलीकडचा आणि पलीकडचा माटुंगा

फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीज पर्वताच्या उतारावर माँतायू नावाचे एक लहानसे गाव आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभी तेथे जेमतेम अडीचशे माणसे राहत असावीत. १३१८ ते १३२५ या काळात जाक फुर्निए नावाच्या बिशपने पाखंडाच्या संशयावरून त्या भागातल्या लोकांच्या जबान्या घेतल्या आणि त्या तपशीलवार लिहून ठेवविल्या. पुढे हा बिशप पोप झाला, त्यामुळे ते दप्तर व्हॅटिकनमध्ये जपले गेले. इमान्युएल ल रुआ लादुरी या इतिहासकाराने त्याच दप्तराच्या आधारे १९७५ साली त्या गावाचे चरित्र लिहिले. मेंढपाळ कोठे चरायला जात, कोण कोणाच्या घरी शेकोटीला बसे, उवा काढताना बायका काय बोलत, हे सारे त्यात आले. माँतायू आजही फ्रान्समधले एक स्वतंत्र 'कम्यून' आहे. कम्यून म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखा सर्वांत लहान कारभारी घटक. १७८९च्या क्रांतीनंतर तो कायद्याने उभा राहिला, आणि आज अशी सुमारे पस्तीस हजार कम्यून त्या देशात आहेत. मूठभर वस्तीच्या गावालाही तेथे स्वतःचा महापौर आहे, स्वतःची सीमा आहे आणि जन्ममृत्यूचे स्वतःचे दप्तर आहे.

ते पुस्तक वाचताना आमच्या मनात वारंवार माटुंगा येत राहिला. मुंबईतल्या एखाद्या गावाचे असे चरित्र लिहायचे, तर दप्तर कोठले घ्यायचे? माटुंग्याला महापौर नाही आणि सीमाही नाही. महापालिकेच्या लेखी पूर्वेकडचा माटुंगा 'एफ उत्तर' विभागात मोडतो, पश्चिमेकडचा 'जी उत्तर' विभागात. रेल्वेचे दोन फाटे या नावाचे दोन तुकडे करतात आणि दोघांची स्थानकेही वेगळी आहेत, मध्य रेल्वेचे माटुंगा आणि पश्चिम रेल्वेचे माटुंगा रोड. असे असूनही मुंबईत 'माटुंगा' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक निश्चित चित्र उभे राहते : स्थानकाबाहेरचा फुलबाजार, गजरे, केळीची पाने, फिल्टर कॉफीचा वास, देवळांतून येणारा नादस्वर. हे चित्र खोटे नाही. ते किती जुने आहे, आणि त्याच्या चौकटीबाहेर काय राहिले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

नावापासून सुरुवात केली तर पहिली भेट दंतकथेची होते. 'मातंग' म्हणजे हत्ती. माहीमला राजधानी करणाऱ्या बिंबराजाची हत्तीशाळा येथे होती, म्हणून माटुंगा, असे सांगतात. बिंबराजाची हकीकत ज्या 'महिकावतीच्या बखरी'त येते ती राजवाड्यांनी १९२४ साली छापली. पण हत्तीशाळेची ही गोष्ट तोंडोतोंडीच चालत आली आहे आणि तिच्यावर फार भार टाकण्यात अर्थ नाही. त्याहून भरवशाची खूण म्हणजे गावदेवी मरुबाई. तिचे देऊळ पूर्व माटुंग्यात अजून आहे. मरीआईच्या नावाशी तिच्या नावाचे साम्य कानाला जाणवते. व्युत्पत्तीचा दावा मात्र आम्ही करत नाही. गावदेवी आहे म्हणजे गाव होते, एवढे नक्की. भातखाचरे, ताडमाड, वडाळ्याच्या मिठागरांकडे उतरत जाणारी सखल जमीन असे ते गाव. आजही मोठ्या पावसात किंग्ज सर्कलला पाणी तुंबले की ही जुनी खाचरे वर आल्यासारखे वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कंपनी सरकारच्या तोफखान्याची छावणी माटुंग्यात होती. पुढे ती हलली. शहराला जे आपल्या अंगाशी नको असते ते शहराच्या टोकाला ठेवायचे, हा नियम माटुंग्यालाही लागू पडला, आणि १८९० साली येथे बेघर कुष्ठरोग्यांचे आश्रयस्थान उभे राहिले. रस्त्यांवर भीक मागत फिरणाऱ्या रोग्यांना या जागी आणून ठेवण्यात येई. ज्यांच्या पुढाकाराने ते झाले ते हॅरी ॲकवर्थ त्या वेळी मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. वडाळ्याचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय त्यांचेच नाव चालवते.

मराठीच्या विद्यार्थ्याने येथे जरा थांबायला हवे. ॲकवर्थ हे नाव आपल्या परिचयाचे आहे, फक्त ते आपण दुसऱ्या कप्प्यात ठेवलेले असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर १८९१ साली 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह प्रसिद्ध करणारे ॲकवर्थ ते हेच. अज्ञानदासाचा अफजलखानवधाचा पोवाडा आणि तुळसीदासाचा सिंहगडचा पोवाडा छापील रूपात वाचकांपर्यंत पोहोचवण्यात या संग्रहाचा वाटा मोठा आहे. त्यांतल्या काहींची इंग्रजी रूपांतरे त्यांनी १८९४ साली लंडनला पुस्तकरूपाने काढली. गोंधळ्यांच्या तोंडून पोवाडे मिळवणारा आणि रस्त्यावरचे महारोगी माटुंग्यात नेऊन ठेवणारा साहेब एकच, आणि दोन्ही कामे लागोपाठच्या दोन वर्षांत समोर आली. एका कामात विखुरलेले जतन करण्याची इच्छा आहे, दुसऱ्यात विखुरलेले नजरेआड करण्याची. की दोन्हींत एकच वृत्ती आहे, गोळा करून एका जागी ठेवण्याची? वासाहतिक अधिकाऱ्याच्या मनाचा उलगडा आम्ही एवढ्यावर करू धजणार नाही. पण वाङ्मयेतिहासात ॲकवर्थ भेटतो तेव्हा त्याच्या मागे माटुंगाही उभा असतो, हे ध्यानात असावे.

या आश्रयस्थानाची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथल्या मैल्याच्या टाक्यांतून निघणारा वायू गोळा करून वापरण्याची योजना १८९७च्या सुमारास झाली. गोबर गॅस हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी माटुंग्यात मैल्याच्या वायूवर इंजिन चालत होते. माटुंग्याच्या पुढच्या इतिहासातही मैला, मोरी आणि नळ यांना फार मोठे स्थान आहे, म्हणून हा तपशील नोंदवला.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीच्या दाट वस्तीतून तो पसरला आणि शहर रिकामे होऊ लागले. रोग दाटीतून, अंधारातून आणि घाणीतून येतो, अशी तेव्हाची धारणा. तेव्हा वाऱ्याला वाट करून द्यायची आणि माणसे पांगवायची, या हेतूने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले, आणि उत्तरेला दादर, माटुंगा, वडाळा, शीव येथे नवी उपनगरे आखली. त्यासाठी १८९४च्या भूसंपादन कायद्याने खाचरे आणि बागा ताब्यात घेतल्या. फोरास, टोका असे जमीनधारणेचे नाना जुने प्रकार होते. ते सारे मोडून एकाच मापाचे, आकडे घातलेले भूखंड तयार झाले.

फुर्निएच्या दप्तराशी तुलना करावी असे माटुंग्याचे काही दप्तर असेल तर ते हेच, जमीन घेताना तयार झालेल्या कागदांचे. चौकशी करणारा बिशप नव्हता, भूसंपादन अधिकारी होता. माँतायूच्या माणसांना त्यांच्या श्रद्धेविषयी विचारले गेले, माटुंग्याच्या माणसांना त्यांच्या मालकीविषयी. त्यामुळे मालकी ज्याची होती तो कागदावर उरला. जो केवळ कसत होता, ताडी काढत होता, मीठ वाहत होता, तो कागदावर आला तरी ओझरता, आणि तो काय बोलला हे आपल्यापर्यंत येत नाही. म्हणून माटुंग्याचा इतिहास सांगू लागणारा प्रत्येक जण नकळत ट्रस्टच्या नकाशापासून आरंभ करतो, जणू त्याआधी तेथे पाटी कोरीच होती.

नकाशा मात्र देखणा होता. मध्ये किंग्ज सर्कल (आजचे माहेश्वरी उद्यान), तेथून फुटणारे रुंद रस्ते, जवळच पाच बागा, पारशी कॉलनी, हिंदू कॉलनी. ट्रस्टच्या नोकरीतले अभियंता मंचेरजी जोशी यांनी आपल्या समाजासाठी भूखंड मिळवून पारशी कॉलनी वसवली. शिक्षणसंस्थांसाठीही जागा राखली गेली. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, आजचे वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थान, १९२३ साली भायखळ्याहून येथे आले. १९३७ साली रुईया आणि खालसा ही दोन महाविद्यालये निघाली, १९४१ साली पोदार आले, आणि विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग १९४३ साली माटुंग्यात हलला. पण घरे लगेच उभी राहिली नाहीत. विसाच्या दशकात भूखंड मोकळेच होते. खरी बांधणी झाली ती तिसाच्या दशकात, ट्रस्ट १९३३ साली महापालिकेत विलीन होत असताना आणि सिमेंट काँक्रीट स्वस्त होत असताना.

मग आले दाक्षिणात्य. पालघाट, तंजावर, तिरुनेलवेली या बाजूंची, इंग्रजी उत्तम लिहिणारी, टंकलेखन आणि लघुलेखन शिकलेली तरुण मुले मुंबईच्या कचेऱ्यांत, बँकांत, रेल्वेत कारकून म्हणून लागत होती. आधी ती फोर्टात आणि गिरगावात दाटीवाटीने राहत. माटुंग्यात नवा प्रकार उपलब्ध झाला : ब्लॉक. चाळीतली खोली आणि ब्लॉक यांतला खरा फरक स्वयंपाकघराचा नाही, संडासाचा आहे. चाळीत संडास मजल्याच्या टोकाला, सर्वांचा मिळून. ब्लॉकमध्ये तो घरात. निखिल राव यांनी 'हाउस, बट नो गार्डन' या २०१३च्या ग्रंथात हा मुद्दा फार बारकाईने मांडला आहे. सोवळेओवळे पाळणाऱ्या ब्राह्मण कुटुंबाने संडास स्वयंपाकघराच्या इतक्या जवळ कसा स्वीकारला? पाण्याच्या टाकीने आणि भूमिगत गटाराने मैला दिसेनासा झाला आणि तो उचलणारा माणूस घराच्या दारात येईनासा झाला, हे त्या स्वीकारामागचे एक मोठे कारण. ज्या जुन्या इमारतींत तो येत होता त्यांना मागच्या बाजूने लोखंडी गोल जिना असे. पुढचा जिना रहिवाशांचा, मागचा सफाई कामगारांचा. मुंबईच्या जुन्या मध्यमवर्गीय वस्तीतून हिंडताना हे गंजलेले जिने अजून दिसतात. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत त्यांचे वर्णन सोय म्हणून येते.

रावांच्या ग्रंथातला दुसरा मुद्दा आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. 'दाक्षिणात्य' किंवा 'साउथ इंडियन' ही ओळख घेऊन कोणी माटुंग्यात आला नाही. ती येथे घडली. मद्रासमध्ये कोणी साउथ इंडियन नसतो. तेथे तो तमिळ असतो, तेलुगू असतो, अय्यर असतो किंवा अय्यंगार. मुंबईत या सर्वांना एका नावाखाली राहावे लागले, आणि पुढे राहावेसे वाटू लागले. आस्तिक समाज १९२३चा, म्हैसूर असोसिएशन १९२६ची, तर साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ची. या शेवटच्या संस्थेच्या नावातच ती नवी ओळख उमटली आहे. एकट्याने राहणाऱ्या कारकुनांना घरचे जेवण हवे होते, म्हणून बोर्डिंगे निघाली. ए. रामा नायक यांचे स्थानकाजवळचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चे. आज तेथे हौसेने पान वाढून घेणाऱ्याला 'बोर्डिंग' हा शब्द गमतीचा वाटतो, पण त्या शब्दात एका पिढीचे एकटेपण आहे. षण्मुखानंद सभा १९५२ साली स्थापन झाली आणि किंग्ज सर्कलजवळचे तिचे भव्य सभागृह १९६३ साली उघडले. १९९० साली ते आगीत जळाले आणि १९९८ साली पुन्हा सुरू झाले.

सभागृह उघडल्यानंतर तीनच वर्षांनी, १९६६ साली, शिवसेना स्थापन झाली. कचेऱ्यांतल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या त्याआधीपासून 'मार्मिक'मध्ये छापून येत होत्या. उडुपी हॉटेलांवर दगड पडले. त्या रोषात नोकरीचा प्रश्न खरा होता, हे नाकारण्यात हशील नाही. पण माटुंग्याविषयी 'हा आपला भाग नव्हे' अशी जी भावना मराठी मनात रुजली ती आजही पुरती गेलेली नाही, आणि ती ऐतिहासिकदृष्ट्या विचित्र आहे. रस्त्यांच्या पाट्या पाहा. भाऊ दाजी मार्ग, तेलंग मार्ग, भांडारकर मार्ग, चंदावरकर मार्ग. तमिळ बोलल्या जाणाऱ्या या गल्ल्यांवर एकोणिसाव्या शतकातली मुंबईची विद्वत्ता कोरलेली आहे. तेलंग, भांडारकर आणि चंदावरकर तिघेही मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. भाऊ दाजी लाड हे पुराभिलेखांचे अभ्यासक, आणि कडू कवठाच्या तेलाने कुष्ठरोग बरा करण्याचे प्रयोग करणारे वैद्यही. कुष्ठरोग्यांच्या आश्रयस्थानाच्या परिसरात त्यांच्या नावाचा रस्ता असावा, हा योगायोग असला तरी बोलका आहे. चंदावरकर तर मूळचे होन्नावरचे, कानडी मुलखातले. त्यांना मराठी म्हणायचे की दाक्षिणात्य, हा प्रश्न त्यांच्या काळात कोणी विचारला नसता.

आता आम्ही आमच्या मुख्य अडचणीकडे येतो. मराठी साहित्यात हा माटुंगा कोठे आहे? गिरगावच्या चाळीने मराठीला किती दिले ते सांगायला नको. 'बटाट्याची चाळ' हे नाव पुरेसे आहे. लालबाग-परळच्या गिरणगावाने कथा, कादंबरी, नाटक, लावणी दिली. माटुंग्याच्या ब्लॉकने त्या मानाने फार थोडे दिले. मराठीचे मोठे शिक्षक मात्र येथे होऊन गेले. रुईयात न. र. फाटक शिकवत, वसंत बापट शिकवत, सदानंद रेगे इंग्रजी शिकवत, पुष्पा भावे शिकवत. व्ही.जे.टी.आय.च्या रस्त्याला 'लोकसत्ते'चे संपादक ह. रा. महाजनी यांचे नाव आहे. रुळांच्या पश्चिमेला नाट्य परिषदेचे यशवंत नाट्यमंदिर आहे. एवढे असूनही माटुंगा मराठी वाचकाला वर्गात आणि नाट्यगृहात भेटतो, कथेत क्वचित. असे आम्ही पुष्कळ दिवस मानत होतो, आणि ते चुकीचे होते.

चूक ध्यानात आली ती बाबुराव बागूल यांची चरित्रात्मक माहिती पुन्हा चाळताना. नाशिकजवळच्या गावात १९३० साली जन्मलेला हा मुलगा लहानपणी मावशीकडे मुंबईला आला तो माटुंगा लेबर कॅम्पात. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा कथासंग्रह १९६३चा, म्हणजे षण्मुखानंद सभागृह उघडले त्याच वर्षीचा. १९६९ साली 'मरण स्वस्त होत आहे' आले. अण्णा भाऊ साठे यांची मुंबईतली सुरुवातीची वर्षे, कामगार चळवळीशी आलेला त्यांचा संबंध आणि शाहिरीची घडण यांचा धागाही याच लेबर कॅम्पाशी जोडलेला आहे. पुढे १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. म्हणजे माटुंगा हे नाव मराठी साहित्याच्या इतिहासात आहेच, आणि मोठ्या अक्षरांत आहे. आम्ही ते वाचत होतो तेव्हा 'माटुंगा' या शब्दावर थांबत नव्हतो. 'लेबर कॅम्प' हे जोडनाव त्या शब्दाला रुळांपलीकडे, धारावीच्या हद्दीत नेऊन टाकत होते.

मराठी समीक्षेने दलित साहित्याचा विचार करताना गावकुसाबाहेरच्या वस्तीचा विचार केला, तो योग्यच होता. पण ट्रस्टने आखलेल्या शहरालाही कूस होती. ती मातीची नव्हती. रेल्वेचे रूळ आणि १९१५ साली उभा राहिलेला जी.आय.पी.चा डबे-दुरुस्ती कारखाना यांची ती होती. अलीकडे क्रमांक घातलेले भूखंड, पलीकडे कामगारांच्या रांगा आणि त्यांच्यालगत धारावीतले कातडी कमावणारे तमिळ. हे धारावीकर तमिळसुद्धा 'साउथ इंडियन' या नावात क्वचितच धरले गेले. तिरुनेलवेलीहून अय्यर आला तो किंग्ज सर्कलला उतरला, त्याच जिल्ह्यातला चामडे कमावणारा धारावीत. भाषा एक, जिल्हा एक, फक्त पत्ता वेगळा. प्रादेशिक अस्मितेच्या भाषेत माटुंग्याविषयी बोलणारे, मग ते त्याचे कौतुक करणारे असोत की त्याच्यावर रागावणारे, जातीचा हा पत्ता दोघेही वगळतात.

पोवाड्याचे उदाहरण आम्हांला या संदर्भात सारखे खुणावते. १८९१ साली ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांच्या हातून पोवाडा पुस्तकात बसला, 'इतिहासप्रसिद्ध' या विशेषणासह. अर्धशतकाने अण्णा भाऊंनी स्तालिनग्राडचा पोवाडा रचला. त्यात इतिहास अजून चालू होता आणि श्रोते कामावरून येऊन समोर बसलेले होते. एका माटुंग्याच्या संदर्भात पोवाड्याला संग्राहक मिळाला, दुसऱ्याच्या संदर्भात शाहीर. रुईयापासून लेबर कॅम्पापर्यंत पायी अर्ध्या तासाचे अंतर आहे. चाळीसच्या दशकात या दोन ठिकाणांमध्ये कितीसे येणेजाणे होते, हा प्रश्न विद्यापीठीय मराठीच्या इतिहासकाराने हाती घेण्यासारखा आहे. निदान अभ्यासक्रमात पोवाडा शिकवताना हे दोन्ही पत्ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहायला हरकत नसावी.

आज पूर्व माटुंग्यात दाक्षिणात्यांपेक्षा गुजराती आणि कच्छी कुटुंबे अधिक दिसतात. अय्यरांची पुढची पिढी चेंबूरला, मुलुंडला किंवा परदेशी गेली; देवळे आणि बोर्डिंगे मागे राहिली. दोन-तीन मजल्यांच्या इमारती पाडून मनोरे उठत आहेत. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्थानकाचा सगळा कारभार २०१७ सालापासून स्त्री कर्मचाऱ्यांकडे आला आणि त्याची बातमी देशभर झाली.

मागच्या महिन्यात आम्ही भाऊ दाजी मार्गावरून निघालो, स्थानकाजवळच्या झेड पुलावरून रूळ ओलांडले आणि कारखान्याच्या भिंतीच्या कडेने उत्तरेकडे चालू लागलो. निघण्यापूर्वी पाडकामासाठी पत्रे लावलेल्या एका इमारतीच्या मागे वळून पाहिले. गोल जिना अजून भिंतीला धरून होता. खालच्या पायरीवर कोणीतरी तुळशीची कुंडी ठेवली होती, वरच्या पायऱ्या गंजून गळल्या होत्या. पलीकडे उतरल्यावर एका टपरीवाल्याला विचारले, 'माटुंगा कुठे?' त्याने आम्ही आलो त्या दिशेला बोट दाखवले. मग विचारले, 'लेबर कॅम्प?' तो म्हणाला, 'हा काय, इथंच.'